कानाच्या टोकापलीकडे

फँटसी वाचणाऱ्या कोणालाही एल्फ कसा ओळखायचा असे विचारले, तर तो आधी स्वतःच्या कानाला हात लावून दाखवील. टोकदार कान, शेलाटा बांधा, धनुष्यावरचा अचूक हात, शेकडो वर्षांचे आयुष्य, जंगलाशी सख्य. ही यादी आता इतकी पाठ झाली आहे की चित्रकाराने नुसते कान लांबवले तरी काम भागते. पण ही झाली खुणांची यादी. 'उजव्या गालावर तीळ' अशी नोंद कागदपत्रांत असते. तिने माणूस ओळखता येतो, तो कसा आहे ते कळत नाही. एल्फ माणसापेक्षा नेमका कशात वेगळा, हा प्रश्न खुणांच्या मागचा आहे. त्यावर कथालेखक, भाषाशास्त्रज्ञ, खेळ रचणारे आणि अलीकडे वंशवादाचे अभ्यासक यांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी सहजासहजी जुळत नाहीत.

ती क्रमाने पाहताना एक भेद हाताशी ठेवला तर वाट सापडते. काही लेखक माणसात भर घालून एल्फ तयार करतात: नजर तीक्ष्ण करायची, पाऊल हलके करायचे, आयुष्य ताणायचे. काही जण माणसातून एखादी गोष्ट काढून घेतात: मरण, विसर, लोखंडाला हात लावण्याची मुभा, नवे काही घडवण्याची कुवत. माझ्या मते बेरजेने केलेला एल्फ दोन-तीन पिढ्यांत कान लांब असलेला माणूस होऊन बसतो आणि वजाबाकीने केलेला एल्फ वेगळा राहतो. हे मत सगळीकडे टिकते असे नाही. जिथे ते अडते, ती ठिकाणेही पुढे येतीलच.

दुखण्यातले आणि नावांतले एल्फ

कादंबरीत येण्याआधी एल्फ हा लोकांच्या श्रद्धेचा भाग होता, आणि तिथे त्याचे स्थान मोठे गोंधळाचे होते. अँग्लो-सॅक्सन इंग्लंडच्या वैद्यकीय पोथ्यांत एल्फांमुळे जडणाऱ्या दुखण्यांवर उपाय सांगितले आहेत. अचानक उठणाऱ्या कळेवरच्या एका मंत्रात ती कळ देवांच्या, एल्फांच्या किंवा चेटकिणींच्या बाणाने उठली असावी असे धरले आहे. 'बेओवुल्फ' या महाकाव्याने तर एल्फांना राक्षसांच्या पंगतीला, भावाचा खून करणाऱ्या केनच्या वंशात बसवले. आणि त्याच समाजातले आईबाप आपल्या मुलांची नावे एल्फांवरून ठेवत होते. आल्फ्रेड हे नाव 'एल्फ' आणि 'मसलत' अशा दोन शब्दांचे बनले आहे. बायबलमधल्या सारा आणि ज्यूडिथ यांचे रूप वर्णन करताना जुन्या इंग्रजी कवींनी 'एल्फासारखी देखणी' अशा अर्थाचे विशेषण वापरले. जो रोग आणतो त्याच्यावरून मुलाचे नाव कोण ठेवील? अभ्यासक ॲलरिक हॉल यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात हा पेच उलगडताना असे मांडले की सुरुवातीचे एल्फ माणसांसारखेच, देवांच्या जवळचे आणि राक्षसांच्या विरुद्ध बाजूचे मानले जात. त्यांना सैतानाच्या गोटात ढकलण्याचे काम नंतरच्या ख्रिस्ती विचाराने केले.

उत्तरेकडे आइसलँडमध्ये स्नोरी स्टुर्लुसन याने १२२० च्या सुमारास आपल्या 'एड्डा'त दोन जाती सांगितल्या. प्रकाशाचे एल्फ सूर्याहून तेजस्वी, तर अंधाराचे एल्फ डांबराहून काळे आणि जमिनीखाली राहणारे. ही विभागणी जुनी आहे, की ख्रिस्ती देवदूत आणि पतित देवदूत यांच्या साच्यात स्नोरीनेच ती बसवली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. अंधाराचे एल्फ म्हणजे भूमिगत कारागीर बुटकेच, असेही काहींचे म्हणणे आहे. याच आइसलँडमधली एक लोककथा मात्र फार बोलकी आहे. देव भेटीला येणार म्हणून ईव्हने आपली मुले न्हाऊ घातली, पण काही राहून गेली. त्या अंघोळ न झालेल्या मुलांना तिने लपवून ठेवले. देव म्हणाला, जे माझ्यापासून लपवले ते माणसांपासूनही लपलेलेच राहील. ती मुले म्हणजे 'लपलेले लोक', तिथले एल्फ. म्हणजे एल्फ हे आपलेच भावंड. फक्त दिसण्याचा हक्क त्यांच्याकडून काढून घेतलेला. वजाबाकीची रीत इतकी जुनी आहे.

स्कॉटलंडमधल्या ॲबरफॉइलचा पाद्री रॉबर्ट कर्क याने सतराव्या शतकाच्या अखेरीस या मंडळींवर एक गंभीर टिपण लिहिले. त्यात त्याने त्यांना माणूस आणि देवदूत यांच्या मधल्या पायरीवर ठेवले. त्याआधीच शेक्सपिअरच्या नाटकांनी त्यांना फुलाच्या पाकळीत मावतील इतके लहान करून टाकले होते. व्हिक्टोरियन काळापर्यंत त्यांना पंख फुटले आणि ते मुलांच्या पुस्तकांत जाऊन बसले. १९२० मध्ये आर्थर कॉनन डॉइल यांनी कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी काढलेली 'परी'ची छायाचित्रे खरी मानून मासिकात छापली, तेव्हा त्या पऱ्या कागदी चित्रांसारख्या दिसत होत्या. त्या होत्याही कागदाच्याच.

टोल्कीन: पानासारखे कान, न संपणारे दिवस

या चिमुकल्या परीची जे. आर. आर. टोल्कीन यांना मनस्वी चीड होती. ऑक्सफर्डमध्ये जुनी इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसाला एल्फ या शब्दाचे जुने वजन ठाऊक होते. १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या परीकथांवरच्या व्याख्यानात त्यांनी आपली भूमिका मांडली. १९५४-५५ मध्ये आलेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टातही आपले एल्फ त्या नाजूक कल्पनांपैकी नव्हेत, असे त्यांना बजावावे लागले. गंमत अशी की ज्या कानांवरून आज एल्फ ओळखला जातो, त्यांच्या टोकांचा उल्लेख या कादंबरीत नाही. तो सापडतो शब्दांच्या व्युत्पत्तीच्या एका टिपणात, जे मुलगा क्रिस्टोफर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. एल्फांच्या भाषेतले पान आणि कान यांचे शब्द नात्यातले असावेत, कारण त्यांचे कान जास्त टोकदार आणि पानाच्या आकाराचे होते, अशा आशयाची ती नोंद आहे. मराठीत पान आणि कान यमकाने जुळतात. टोल्कीनच्या एल्फांनी ते शब्दकोशात जुळवले.

बेरजेचे गुण टोल्कीनच्या एल्फांत आहेतच. कराध्रास डोंगरावर बर्फ छातीपर्यंत चढतो, बोरोमिर आणि अरागॉर्न ही माणसे अंगाच्या जोरावर त्यातून वाट फोडतात, आणि लेगोलास हा एल्फ हलक्या पायताणांनी त्याच बर्फावरून पळत पुढे जाऊन परत येतो. चित्रपट पाहणाऱ्यांना एल्फ म्हणजे एवढेच आठवते. पण टोल्कीनने फरकाची पाचर ठोकली आहे ती दुसरीकडे. लोथ्लोरिएनच्या जंगलात महिनाभर राहून मंडळी नावांत बसून निघतात, तेव्हा त्यांच्यातला सॅम चंद्राच्या कला मोजून गोंधळतो. मधले दिवस गेले कुठे, हे त्याला उमगत नाही. त्यावर लेगोलास जे सांगतो त्याचा आशय असा: एल्फांसाठी काळ थांबत नाही, पण तो एकाच वेळी फार वेगाने आणि फार सावकाश जातो. वेगाने अशासाठी की ते स्वतः फारसे बदलत नाहीत आणि आजूबाजूचे सारे निसटत राहते. सावकाश अशासाठी की जाणारी वर्षे त्यांना स्वतःसाठी मोजावी लागत नाहीत. पायाखालच्या बर्फापेक्षा हे वेगळेपण कितीतरी खोल आहे.

टोल्कीनच्या रचनेत एल्फांचे दीर्घायुष्य हे वरदान नाही. ते जगाला बांधलेले आहेत. शरीर मारले गेले तरी त्यांचा आत्मा जगाबाहेर जात नाही. जग असेपर्यंत ते असणार, आणि त्यापुढे काय हे त्यांनाही ठाऊक नाही. माणूस मात्र मरतो आणि कुठेतरी बाहेर जातो. या मरणाला टोल्कीनने ईश्वराने माणसाला दिलेली देणगी म्हटले. म्हणून त्यांच्या एल्फांचा मोह सत्तेचा कमी आणि जपून ठेवण्याचा जास्त आहे: जे सुंदर आहे ते कोमेजू नये, झाड आज आहे तसे उद्या दिसावे. एल्फांच्या तीन अंगठ्या याच कामाच्या होत्या, आणि कादंबरीतली मुख्य अंगठी नष्ट होताच त्यांची ताकदही ओसरली.

याला आक्षेप असा घेतला जातो की मरणाला देणगी म्हणणे ही एका श्रद्धावान कॅथलिक लेखकाने माणसाची घातलेली समजूत आहे. मरणाऱ्याला विचारले तर तो असे म्हणणार नाही. हा आक्षेप खुद्द टोल्कीनला सुचला होता, आणि त्याने तो एका स्त्रीच्या तोंडी घातला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॉर्गोथ्स रिंग' या खंडात एल्फ राजा फिनरॉड आणि मानवी जाणती स्त्री आंद्रेथ यांचा संवाद आहे. आंद्रेथ ठणकावून सांगते की माणूस मुळात मरण्यासाठी जन्मला नव्हता; हे आमच्यावर लादले गेले. वाद तत्त्वज्ञानाचा वाटत असतानाच त्याचे खरे कारण उघड होते. तरुणपणी ती फिनरॉडच्या भावावर, एग्नोरवर, प्रेम करत होती. तो तिला सोडून गेला, आणि आता तिचे केस पिकू लागले आहेत. फिनरॉड सांगतो की त्याचेही तिच्यावर प्रेम होते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाशी लग्न करणार नाही. पण एल्फ आठवणीत जगतात, आणि तिची तरुण आठवण त्याला अखेरपर्यंत पुरेल. आंद्रेथचा प्रश्न साधा आहे: मग माझे काय? दोन जातींमधला फरक एका वाक्यात इतका बोचरा करणारी जागा फँटसीत दुसरी मला आढळलेली नाही. टोल्कीनने या वादाचा निकाल लावला नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

मराठी वाचकाला ही वजाबाकी ओळखीची वाटावी. महाभारताच्या वनपर्वात दमयंतीच्या स्वयंवराला चार देव नळाचे रूप घेऊन बसतात. ती त्यांना ओळखते ते त्यांच्यात जे नाही त्यावरून: घाम नाही, पापणी लवत नाही, सावली नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, गळ्यातली माळ सुकत नाही. ज्याची माळ कोमेजली आहे आणि अंगावर धूळ आहे, तो नळ. एल्फाला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न मात्र सुटत नाही. परी म्हटले की कॉटिंग्लीचे पंख येतात. यक्ष म्हटले की कुबेराचा खजिना आणि युधिष्ठिराला अडवणारे तळे येते. हे शब्द त्या त्या गोष्टींचे आहेत, म्हणून इथे एल्फच ठेवला आहे.

लोखंड न सोसणारे

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड आला त्याच वर्षी, १९५४ मध्ये, पॉल अँडरसन या अमेरिकन लेखकाची 'द ब्रोकन स्वोर्ड' आली. त्यातले एल्फ देखणे, सुसंस्कृत आणि काळजाने गार आहेत. त्यांना लोखंडाला हात लावता येत नाही. म्हणून ते माणसाचे एक बाळ चोरून वाढवतात आणि पाळण्यात त्याच्या जागी आपला तोतया ठेवतात. स्काफ्लोक हा चोरलेला मुलगा एल्फांच्या राजवाड्यात त्यांच्यासारखाच वाढतो, पण त्याची खरी किंमत त्याच्या माणूसपणात आहे, कारण लोखंड तो धरू शकतो. माणसाला येते आणि एल्फाला येत नाही अशी एकच गोष्ट ठरवली की कथा आपोआप हलू लागते, हे अँडरसनने दाखवले.

ही धारा पुढे दोन इंग्रज लेखकांनी वेगवेगळ्या सुरात नेली. टेरी प्रॅचेट यांच्या 'लॉर्ड्स अँड लेडीज' (१९९२) मधल्या एल्फांकडे भुरळ घालण्याची विद्या आहे, पण आतून ते रिकामे आहेत: दुसऱ्याचे दुःख त्यांना करमणूक वाटते. लोक त्यांच्याबद्दल प्रेमाने बोलतात ते त्यांचा जाच विसरले म्हणून, हा त्या विनोदी कादंबरीचा अजिबात विनोदी नसलेला मुद्दा आहे. सुझॅना क्लार्क यांच्या 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' (२००४) मध्ये या जातीला जादू उपजत आहे, पण विवेक तोकडा. माणसाकडे विवेक भरपूर, जादू जेमतेम. काटेरी झाडाच्या म्हातारीसारखे पांढरे केस असलेला तिथला गृहस्थ कोणावर खूश झाला की त्याचा सत्यानाश करतो, आणि आपण उपकारच केले या समजुतीत राहतो. असा एल्फ वाईट म्हणणेही चूक ठरते, कारण वाईटपणाला लागणारी समजच त्याच्याकडे नाही. टोल्कीनच्या बाजूचे वाचक म्हणतात की हे एल्फ म्हणजे सुंदर मुखवट्यातले राक्षस आहेत. उलट बाजूचे म्हणतात की मुळात लोककथांत ते असेच होते, आणि टोल्कीननेच त्यांना संत बनवले. दोन्हींत तथ्य आहे. फक्त टोल्कीनचे सगळे एल्फ संत नाहीत. 'द सिल्मरिलिअन' (१९७७) मध्ये एल्फच एल्फांची कत्तल करतात, आणि तीही रत्नांपायी.

आकड्यांच्या रकान्यात

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला, तेव्हा प्रश्नाचे रूपच पालटले. कादंबरीत एल्फ कसा वाटतो हे सांगून भागते. खेळात ते आकड्यात मांडावे लागते. खेळाडूंसाठीच्या १९७८ च्या नियमपुस्तकात एल्फाला चपळाईत एक गुण जास्त, शरीराच्या काटकपणात एक कमी. निद्रा आणि मोहिनी यांच्या मंत्रांपासून नव्वद टक्के संरक्षण. आणि अंधारात दिसण्याची शक्ती. ही बेरीज. पण त्याच पुस्तकात दोन वजाबाक्याही होत्या, ज्या आज बहुतेक खेळाडूंना माहीत नसतात. एक, चोराचा पेशा सोडला तर एल्फाला कोणत्याही पेशात ठराविक पातळीच्या वर जाता येत नसे, आणि माणसाला अशी मर्यादा नव्हती. दोन, मेलेल्याला उठवणाऱ्या पुरोहिताच्या मंत्राचा एल्फावर उपयोग होत नसे.

या मर्यादा खेळाडूंना जाचक वाटत. शंभरावर वर्षे जगलेला जादूगार अकराव्या पातळीवर का अडावा, याला गोष्टीतले उत्तर नव्हते. गायगॅक्स यांचे कारण सरळ होते: जग माणसांचे राहावे, नाहीतर कोणी माणूस निवडणारच नाही. २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने या मर्यादा काढून टाकल्या. त्यानंतर राहिला तो बोनस आणि रंगरूप. एका टेबलाभोवती बसलेल्या चौघांपैकी दोघे एल्फ असले तरी बोलण्यात, विनोदात, निर्णयात चौघेही सारखेच असतात. डायना विन जोन्स यांनी १९९६ च्या आपल्या उपहासात्मक 'टफ गाइड'मध्ये फँटसीचे सगळे ठोकळे पर्यटनाच्या पुस्तिकेसारखे मांडले, तेव्हा एल्फही त्यात जाऊन बसले होते.

इथे माझ्या मताला पहिली अडचण येते. खेळ हे वाचन नव्हे. तिथे एल्फ निवडणाऱ्याला परके मन अनुभवायचे नसते. थोडे वेगळे कपडे घालून मित्रांबरोबर संध्याकाळ घालवायची असते. बेरजेचा एल्फ या कामाला उत्तम आहे. त्यामुळे खेळाच्या एल्फाला साहित्याच्या मापाने मोजणे काहीसे अन्यायाचे होते. तरी एवढे म्हणता येते की १९८० नंतरच्या बऱ्याच कादंबऱ्या या खेळाच्याच पोटातून आल्या आणि त्यांनी एल्फ आकड्यांसकट उचलला. अन्याय तिथे लेखकांनी स्वतःवर ओढवून घेतला.

वंशाचा प्रश्न

याच खेळाने आणखी एक वाद जन्माला घातला. एल्फ, बुटके, ऑर्क यांच्यासाठी तो 'रेस' हा इंग्रजी शब्द वापरत आला, ज्याचा एक अर्थ वंश. जमिनीखाली राहणारे, काळ्या कातडीचे आणि जन्मजात दुष्ट 'ड्राव' एल्फ १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यात आले. स्नोरीची डांबराहून काळी जात अशी परत उगवली. आर. ए. साल्व्हाटोर यांनी १९८८ मध्ये ड्रिझ्ट नावाचा सज्जन ड्राव निर्माण केला, पण तो अपवाद म्हणून गाजला, आणि अपवादाने नियमच पक्का होतो. अभ्यासक हेलन यंग यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले की लोकप्रिय फँटसीला गोरेपण हा गृहीत नियम म्हणून जडला आहे, आणि रक्तातून स्वभाव ठरतो ही कल्पना ती वास्तवातल्या वंशवादातून उचलते. दिमित्रा फिमी यांनी २००८ मध्ये टोल्कीनला त्याच्या काळातल्या वंशविषयक चर्चांत ठेवून वाचले. त्यांच्या मांडणीत दोषारोपापेक्षा संदर्भाला जास्त जागा आहे.

या वादात तीन भूमिका साधारण स्पष्ट दिसतात. पहिली म्हणते की जातीगत फरक काढून टाका, संस्कृतीचा फरक ठेवा. खेळाची मालक कंपनी याच दिशेने गेली: २०२० मध्ये ड्राव आणि ऑर्क यांच्या चित्रणाबद्दल तिने जाहीर निवेदन दिले, त्याच वर्षी जातीचे ठराविक गुण हवे तसे फिरवण्याची मुभा दिली, आणि २०२४ च्या पुस्तकात 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आले. दुसरी भूमिका म्हणते की जातींचा फरक हीच फँटसीची गंमत आहे. एल्फ काल्पनिक आहे, त्याच्या स्वभावावरून कुठल्या खऱ्या समाजाची बदनामी होत नाही. तिसरी, आणि लेखकांना जास्त मोहवणारी, भूमिका म्हणते की वंशवाद झाकू नका, तो कथेत आणा.

तिसऱ्या भूमिकेचे सर्वांत ठळक उदाहरण पोलंडचे आंद्रेय सापकोव्स्की. त्यांच्या 'विचर' या मालिकेतली पहिली कथा १९८६ ची. त्यांच्या जगात एल्फ आधीचे आणि माणसे उपरी आहेत. माणसांनी जमीन घेतली, शहरे बांधली, आणि एल्फांसाठी उरल्या शहरातल्या वस्त्या आणि जंगलातल्या बंडखोर टोळ्या. त्यात सापकोव्स्की एक जीवशास्त्रीय वजाबाकी घालतात: एल्फ शेकडो वर्षे जगतो, पण त्याला मूल होऊ शकते ते फक्त तरुणपणी. 'ब्लड ऑफ एल्व्ह्ज'मध्ये (१९९४) शेरावेडच्या पडक्या अवशेषांत ही गोष्ट येते. एलिरेन नावाच्या तरुण एल्फ मुलीच्या हाकेला तरुण धावले, लढले आणि मेले. म्हातारे वाचले, पण त्यांच्यापासून पुढची पिढी होणार नव्हती. ज्यांना उशिरा मरायचे होते तेच आधी मेले, आणि एका जातीचे भविष्य एका लढाईत संपले. वसाहतवाद, जंगलातले बंड, मूलनिवासींचे हाल हे सगळे इथे आहे, पण ते भिडते या एका नैसर्गिक तपशिलामुळे.

इथेच माझ्या मताची दुसरी अडचण आहे आणि तिचे उत्तरही. यंग यांच्या बाजूने विचारता येईल की वजाबाकीदेखील जन्मजात फरकच सांगते ना? मग ती वंशवादापासून कशी सुटली? ती पूर्ण सुटत नाही. पण 'हे लोक क्रूर असतात' आणि 'या लोकांना उशिरा मूल होत नाही' या दोन विधानांत अंतर आहे. पहिले स्वभावावर निकाल देते, दुसरे परिस्थिती सांगते. परिस्थितीशी कोण कसा वागेल ते व्यक्तीवर सोडता येते. स्वभावाच्या निकालानंतर सोडण्यासारखे काही उरत नाही. प्रॅचेटचे एल्फ मात्र या कसोटीवर अडचणीत येतात, कारण तिथे स्वभावच जन्मजात आहे. ते जग उपहासाचे आहे, हा बचाव अर्धाच पुरतो.

पन्नास वर्षांनी पडणाऱ्या उल्का

एल्फांच्या काळाकडे परत नेणारी अलीकडची सर्वांत लक्षवेधी कृती जपानमधून आली. कानेहितो यामादा यांचे लेखन आणि त्सुकासा आबे यांची चित्रे असलेली 'फ्रिरेन' ही मांगा २०२० मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची ॲनिमे मालिका आली. दैत्यराजाला मारून चौघांचे पथक परतते तिथून ती सुरू होते. जिथे इतर कथा संपतात. पथकातली एल्फ जादूगार फ्रिरेन हजारावर वर्षे जगलेली आहे, आणि दहा वर्षांची ती मोहीम तिच्या लेखी किरकोळ. त्या रात्री चौघे मिळून उल्कावर्षाव पाहतात. पुढच्या वेळी याहून चांगली जागा दाखवीन, असे ती सहज म्हणते. पुढची वेळ म्हणजे पन्नास वर्षांनी. ती खरोखर येते, तेव्हा नायक हिमेल टक्कल पडलेला, काठीएवढा खुजा म्हातारा झालेला असतो. उल्का पाहून झाल्यावर थोड्याच काळात तो जातो. अंत्यविधीत ही कोरडी उभी आहे म्हणून लोक कुजबुजतात, आणि मग तिला रडू फुटते: दहा वर्षे बरोबर होतो, मी याला ओळखून घेण्याचा प्रयत्नच केला नाही.

इथे फ्रिरेनला शक्ती खूप दिली आहे, पण काढून घेतलेली गोष्ट छोटी आणि नेमकी आहे: घाई. वेळ संपेल ही भीती नसल्यामुळे तिने कधी कोणाची विचारपूस केली नाही. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ च्या एका गाजलेल्या निबंधात, कारेल चापेक यांच्या नाटकातली तीनशेहून अधिक वर्षे जगलेली नायिका घेऊन, असे मांडले होते की अमर जीवन अखेर कंटाळ्याने गिळले जाते. जॉन मार्टिन फिशर यांनी १९९४ मध्ये त्याला उत्तर दिले की काही सुखे पुन्हा पुन्हा घेता येतात, अमरत्व वाटते तितके वाईट नाही. फ्रिरेन या दोघांच्या मधून निसटते. ती कंटाळलेली नाही. निरुपयोगी मंत्रांच्या शोधात ती महिने मजेत घालवते. तिची अडचण कंटाळ्याची नाही, उशिरा कळण्याची आहे. याच मांगातल्या दैत्यांवर मात्र आक्षेप घेतला जातो: ते माणसाची भाषा फक्त फसवण्यासाठी वापरतात, त्यांना आतून काही वाटतच नाही. एल्फाला व्यक्ती म्हणून वाढू देणाऱ्या कथेने दुसऱ्या जातीला तो अवकाश नाकारला आहे, आणि हा विरोधाभास तिच्या चाहत्यांत अजून मिटलेला नाही.

मधले

या सगळ्या उत्तरांची परीक्षा अर्ध-एल्फापाशी होते. पुनर्जन्म घेणाऱ्या एल्फांचे माणसाशी लग्न कसे होते, अशा हरकतींवर १९५४ मध्ये टोल्कीनने एका वाचकाला लांबलचक उत्तर लिहिले आणि ते पाठवले नाही. त्यात त्याने कबूल केले की संतती होते आणि तिलाही संतती होते, त्याअर्थी जीवशास्त्राच्या दृष्टीने दोघे एकच. म्हणजे त्याच्या मते फरक शरीरात नव्हताच. म्हणून त्याच्या जगात मधली जागाही नाही: अर्ध-एल्फाला दोहोंपैकी एक नशीब निवडावे लागते. एलरॉन्डने एल्फांचे घेतले, त्याचा जुळा भाऊ एलरॉसने माणसांचे. एलरॉस राज्य आणि संसार करून पाचशे वर्षांचा होऊन मेला आणि एलरॉन्ड पुढची हजारो वर्षे त्याच्या वंशजांना वाढवत राहिला.

सापकोव्स्कीकडे अर्ध-एल्फ शहरात राहतो आणि दोन्हीकडच्यांना नकोसा असतो. फरक कितपत खरा, हे तिथे समोरचा ठरवतो. १९७८ च्या नियमपुस्तकात त्याचा हिशेब सरळ रकान्यात होता. निद्रा आणि मोहिनीच्या मंत्रांपासून एल्फाला नव्वद टक्के संरक्षण, तर त्याला तीस. मेलेल्याला उठवण्याचा मंत्र एल्फाला चालत नसे, त्याला चालत असे. म्हणजे मरणाच्या बाबतीत तो आईबापांतल्या माणसावर गेलेला. २०२४ च्या पुस्तकात दहा जाती आहेत. एल्फ आहे, माणूस आहे, अर्ध-एल्फाचा स्वतंत्र रकाना नाही.